धूर पडद्यावर, छातीत नव्हे

बारामती तालुक्यातील सुपे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना दोन कारणांनी परिचित आहे. पुण्याबरोबर सुपे परगणाही शहाजीराजांच्या जहागिरीत होता, हे पहिले कारण. दुसरे अधिक जळजळीत आहे. १२ मे १८७५ रोजी याच सुप्यात भोवतालचे शेतकरी एकत्र आले; त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढले आणि भर गावात पेटवून दिले. तेथून हा वणवा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात नोंदले गेलेले ते हे प्रकरण होय.

समजा, या विषयावर गावातील काही तरुणांनी वीस मिनिटांचा लघुपट करायचे ठरविले. आजच्या काळात ही काही अशक्य कोटीतील गोष्ट नाही. बऱ्यापैकी कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये असतो आणि संकलन घरच्या संगणकावर होते. पटकथेत एक प्रसंग असा आहे : उठावाच्या आदल्या रात्री ओसरीवर म्हातारा शेतकरी बसला आहे. जमीन सावकाराकडे गहाण पडली आहे. तो तेरा वर्षांच्या नातवाला चिलीम भरून आणायला सांगतो. नातू चिलीम भरतो, विस्तव ठेवतो आणि ती पेटती राहावी म्हणून स्वतःच एक झुरका घेतो. त्याला ठसका लागतो. आजोबा त्याच्याकडे पाहतात, रागावत नाहीत. पोरगा आजच मोठा झाला, हे त्यांना कळून चुकते.

प्रसंग चांगला आहे. काळाशीही सुसंगत आहे, कारण त्या काळच्या ओसरीवर चिलीम ही नित्याची वस्तू होती. कागदावर तो जेमतेम वीस सेकंदांचा आहे. प्रश्न एवढाच, की चित्रीकरणाच्या दिवशी त्या तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती नेमके काय द्यायचे?

मोठ्या चित्रपटसंस्थांत या प्रश्नाचे उत्तर देणारी माणसे असतात. लहान चमूत मात्र ते उत्तर अनेकदा ‘एकच तर झुरका आहे’ या चार शब्दांत दिले जाते. हे चार शब्द कितपत खरे आहेत, ते तपासून पाहिले पाहिजे.

एक झुरका म्हणजे किती झुरके?

पडद्यावर एकदा दिसणारी कृती चित्रीकरणाच्या वेळी कधीच एकदा होत नाही. तोच प्रसंग आधी दुरून घेतला जातो, मग मुलाच्या बाजूने, मग आजोबांच्या बाजूने आणि शेवटी हातांचे जवळून दृश्य म्हणून. असे चार कोन धरले आणि प्रत्येक कोनातून पाच वेळा चित्रीकरण झाले, तरी वीस वेळा तो झुरका घ्यावा लागेल. चिलीम पेटती ठेवण्यासाठी प्रत्येक वेळी दोन-तीन झुरके जास्तीचे. शिवाय तालमी वेगळ्या. म्हणजे ‘एकच झुरका’ म्हणता म्हणता एका संध्याकाळी पन्नास-साठ झुरके सहज होतात, आणि तेही ज्याने आयुष्यात तंबाखूला तोंड लावलेले नाही अशा मुलाचे.

सवय नसलेल्या शरीरात निकोटीन गेले, की चक्कर, मळमळ, उलटी, छातीत धडधड अशी लक्षणे दिसतात. धुरावाटे फुप्फुसात गेलेले निकोटीन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते. त्याचे व्यसन इतक्या लवकर जडण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. पौगंडावस्थेतील मेंदूची वाढ पूर्ण झालेली नसते. त्यामुळे या वयात ही ओढ अधिक सहजपणे रुजते, याबद्दल वैद्यकीय जगतात दुमत नाही.

प्रौढ कलाकारही यातून सुटत नाहीत. ‘द डर्टी पिक्चर’ या २०११ मधील चित्रपटात विद्या बालन यांनी धूम्रपान करणारी नायिका साकारली. त्या चित्रपटानंतर आपल्याला दिवसाला दोन-तीन सिगारेटींची सवय लागली होती, असे त्यांनी पुढे एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले. चित्रपट संपतो, वेशभूषा उतरते, पण शरीराने शिकलेली गोष्ट उतरतेच असे नाही. अनुभवी, प्रौढ अभिनेत्रीच्या बाबतीत हे घडू शकत असेल, तर तेरा वर्षांच्या मुलाबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही.

अभिनय ही सबब नव्हे

आपल्याकडील कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील कलम ७७ नुसार, वैद्यकीय सल्ल्याखेरीज बालकाला मद्य, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणे अथवा द्यायला लावणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. येथे बालक म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती. ‘चित्रीकरणासाठी दिले होते’ असा अपवाद या कलमात नाही. दिग्दर्शक हौशी आहे की व्यावसायिक, मोबदला दिला की नाही, पालकांची संमती होती की नव्हती, यानेही फरक पडत नाही.

चौदा वर्षांखालील मुलांना कलाकार म्हणून काम देताना बालकामगारविषयक कायद्याचे २०१७ मध्ये सुधारलेले नियम लागू होतात. त्यानुसार निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलाचे काम दिवसात पाच तासांपेक्षा अधिक असू नये आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक चालू नये, असे बंधन आहे. मिळकतीचा किमान पाचवा भाग मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावा लागतो. मुलाच्या शरीराला वा मनाला अपाय होईल असे काम त्याच्याकडून करवून घेऊ नये, हे तर या नियमांचे मूळच आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचना एक पाऊल पुढे जातात. बालकलाकाराला धूम्रपान वा मद्यपान करताना दाखवूच नये, अशी त्यांची भूमिका आहे.

चित्रीकरणाचे ठिकाणही लक्षात घ्यावे लागते. गावाकडे चित्रीकरणासाठी अनेकदा शाळेची इमारत किंवा आवार मागितले जाते. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शैक्षणिक संस्था, कार्यालये, चित्रपटगृहे अशा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. तेव्हा तेथे खरी सिगारेट पेटवणे प्रौढ कलाकारालाही परवडणारे नाही.

‘आयुर्वेदिक’ सिगारेटचे अर्धसत्य

या टप्प्यावर हमखास एक तोडगा सुचविला जातो : तंबाखू नको, वनस्पतीची सिगारेट देऊ. जगभरच्या चित्रपटसृष्टीत हा मार्ग रूढ आहे, हे खरेच. साठच्या दशकातील न्यूयॉर्कवर बेतलेल्या ‘मॅड मेन’ या अमेरिकी मालिकेत जवळजवळ प्रत्येक पात्र सतत धूर सोडताना दिसते. कलाकारांच्या हातांत तंबाखूविरहित, वनस्पतीच्या सिगारेटी असत. ‘पीकी ब्लाइंडर्स’ या ब्रिटिश मालिकेचा नायक किलियन मर्फी यानेही अशाच सिगारेटी वापरल्या. मालिकेच्या एका पर्वात त्यांची संख्या तीन हजारांच्या घरात जाते, असे त्याने सांगितले होते. त्याही आधी, १९७३ मधील ‘पेपर मून’ या चित्रपटात टेटम ओनील या चिमुरडीला धूम्रपान करताना दाखविले गेले. तिच्या सिगारेटी लेट्यूसच्या, म्हणजे सॅलडच्या पानांच्या होत्या, असे सांगितले जाते. या भूमिकेसाठी तिला वयाच्या दहाव्या वर्षी ऑस्कर मिळाले. त्या काळी या प्रसंगांकडे कौतुकाने पाहिले गेले. आज तसेच चित्रीकरण करायचे म्हटले, तर परवानगी मिळणे कठीण.

आपल्या बाजारातही तुळस, लवंग, ज्येष्ठमध, हळद अशा नावांच्या बिड्या आणि सिगारेटी मिळतात. नावे घरातील फडताळाची वाटतात आणि म्हणून मन निर्धास्त होते. परंतु अपाय केवळ तंबाखूत नसतो, जळण्यातही असतो. कोणतेही पान जाळले, की डांबरासारखा चिकट पदार्थ, कार्बन मोनॉक्साइड वायू आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतो. तुळशीच्या पानातून निघाला म्हणून तो सौम्य होत नाही. याच कारणामुळे अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००० मध्ये वनस्पतीच्या सिगारेटी विकणाऱ्या कंपन्यांना, ‘यातूनही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होते’ अशा आशयाचा इशारा छापायला भाग पाडले.

मग या सिगारेटीचा उपयोग काय? तिच्यात निकोटीन नसते, त्यामुळे व्यसन जडण्याचा धोका टळतो, एवढाच. हा लाभ लहान नाही. पण तो प्रौढ कलाकारापुरता आहे. धूम्रपान न करणाऱ्या प्रौढ कलाकाराने ती स्वीकारलीच, तर धूर तोंडातच धरून सोडावा, छातीत ओढू नये. किती वेळा पेटवायची हे आधी ठरवून घ्यावे. दमा असल्यास सरळ नकार द्यावा. मुलांसाठी मात्र हा मार्ग नाही.

दुसरा तोडगा ई-सिगारेटचा. परदेशांत काही ठिकाणी वाफ दाखविण्यासाठी निकोटीन नसलेली उपकरणे वापरली जातात. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक आणि साठवण या सर्वांवर बंदी घातली आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत निकोटीन असलेली आणि नसलेली अशी दोन्ही उपकरणे येतात. तेव्हा तो दरवाजाही बंद आहे.

धूर न ओढता धूर

येथे चित्रपटकलेचा मूळ स्वभाव आठवावा लागतो. दादासाहेब फाळके यांच्या ‘कालियामर्दन’ या १९१९ मधील चित्रपटात त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली होती. ती कालियाच्या फण्यावर नाचते, पाण्याखाली त्याच्याशी झुंजते आणि प्रेक्षक श्वास रोखून पाहतात. त्यासाठी फाळक्यांनी मुलीसमोर जिवंत नाग सोडला नव्हता. कृत्रिम सर्प आणि कॅमेऱ्याच्या करामती त्यांना पुरल्या. रंगभूमीवरही तेच. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधील सुधाकराच्या हातातील प्याल्यात खरी दारू आहे का, असे कोणी विचारत नाही. विष, रक्त, तलवार, आग यांच्या बाबतीत आपण खोटेपणा आनंदाने स्वीकारतो. केवळ सिगारेटीच्या बाबतीत ‘खरेपणा’चा आग्रह का धरावा?

धूम्रपानाचा आभास निर्माण करण्याचे मार्ग स्थूलमानाने चार आहेत.

पहिला मार्ग संगणकाचा. कलाकाराच्या हातात न पेटविलेली, आत काहीच नसलेली वस्तू असते. तो फक्त हालचाल करतो. टोकाचा निखारा आणि धूर नंतर मिसळले जातात. हे ऐकायला खर्चिक वाटते, पण त्यामागील तत्त्व साधे आहे. काळ्या पडद्यासमोर, बाजूने प्रकाश टाकून उदबत्तीचा धूर स्वतंत्रपणे चित्रित करायचा. संकलनाच्या साध्या प्रणालीतही काळा रंग नाहीसा करून केवळ उजळ भाग दुसऱ्या दृश्यावर ठेवण्याची सोय असते. अशा रीतीने उदबत्तीचा तो धूर चिलमीच्या तोंडावर बसविता येतो. दृश्य स्थिर असेल आणि पार्श्वभूमी गडद असेल, तर हे काम हौशी संकलकालाही जमते. रात्रीचा, ओसरीवरचा प्रसंग त्यासाठी अगदी सोयीचा.

दुसरा मार्ग खोट्या वस्तूचा. टोकाशी बारीक लाल दिवा बसविलेल्या सिगारेटी मिळतात. अंधारात त्यांचा निखारा पुरेसा खरा दिसतो. जादूगार वापरतात तशा, फुंकल्यावर बारीक भुकटी उडविणाऱ्या सिगारेटीही असतात. यांपैकी भुकटीची वस्तू मुलांना देऊ नये. ती फुंकण्यासाठी असते. पण गोंधळात मूल श्वास आत ओढते आणि भुकटी थेट श्वासनलिकेत जाते.

तिसरा मार्ग बाहेरून आणलेल्या धुराचा. चौकटीच्या कडेला, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा धूर सोडला, की तो पात्राभोवती तरंगतो. त्यासाठी ग्लिसरीन किंवा तत्सम द्रावणाची वाफ करणारी यंत्रे भाड्याने मिळतात. मात्र बंद खोलीत या वाफेनेही घसा आणि श्वासनलिका चुरचुरतात. म्हणून हवा खेळती असावी, धूर मुलापासून दूर आणि वाऱ्याच्या उलट दिशेला असावा आणि प्रत्येक चित्रीकरणानंतर थोडा वेळ थांबावे. शक्य असेल तेथे धुराचे दृश्य मूल तेथे नसताना वेगळे घ्यावे, हे सर्वांत उत्तम.

चौथा मार्ग सर्वांत जुना, सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक आहे. तो म्हणजे संकलनाचा. एका दृश्यानंतर दुसरे ठेवले, की मधली कृती प्रेक्षक स्वतःच्या मनात पूर्ण करतो. सिगारेट ओठांकडे जाऊ लागते, दृश्य तुटते, समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो, मागून ठसक्याचा आवाज येतो. प्रेक्षक शपथेवर सांगेल, की आपण त्याला झुरका घेताना पाहिले. प्रत्यक्षात ते कोणीच पाहिलेले नसते. ध्वनीचे काम येथे मोठे आहे. निखाऱ्याची बारीक तडतड, श्वास आत घेतल्याचा आवाज, घशातली खरखर हे सारे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, कोरड्या पानांच्या आणि प्रौढ माणसाच्या साहाय्याने करता येते.

ओसरीवरचा प्रसंग, पुन्हा एकदा

आता आपल्या काल्पनिक लघुपटाकडे वळू. वरील चारही मार्ग समोर ठेवले, तर तो प्रसंग कसा चित्रित होईल?

चिलीम कुंभाराकडून नवी आणावी. घरातील जुनी चिलीम अस्सल दिसते खरी, पण तिच्या आत वर्षानुवर्षांचा तंबाखूचा काट साचलेला असतो. मुलाने ती तोंडाजवळ नेणेही इष्ट नाही. नव्या चिलमीला राख आणि तेल चोळून बाहेरून जुनेपण देता येते. तिच्या तळाशी गुंडाळायची छापी म्हणून स्वच्छ ओला फडका घ्यावा. भरायला तंबाखूऐवजी चुरगाळलेला कोरडा पाला पुरतो, कारण कॅमेऱ्याला दोन्ही सारखेच तपकिरी दिसतात.

मुलगा चिलीम भरतो, एवढे पूर्ण दाखवावे. विस्तव ठेवणाऱ्या हातांचे जवळचे दृश्य मात्र त्याच अंगलटीच्या प्रौढ माणसाकडून करून घ्यावे. लहान मुलाच्या हाती चिमट्यातला निखारा देण्याचे काहीच कारण नाही. मग मुलगा पाठमोरा दिसावा. त्याची मान किंचित खाली झुकते, खांदे वर होतात. कॅमेरा आजोबांकडे वळतो. ठसका ऐकू येतो. आजोबांच्या चेहऱ्यावर दिव्याचा उजेड आहे आणि त्या उजेडातून धुराची एक रेघ सरकते. हा धूर नंतर मिसळलेला आहे. पुढच्या दृश्यात चिलीम आजोबांच्या हाती आहे.

या साऱ्यात मुलाने काहीही ओढले नाही, काहीही पेटविले नाही. तो ओठाला चिलीम लावतो आहे असे एकही दृश्य नाही. आयोगाच्या सूचनेचा आदरही राहिला आणि प्रसंगातील मुख्य गोष्ट तर मुळीच हरवली नाही. कारण या प्रसंगाचा गाभा धुरात नव्हताच. तो आजोबांच्या नजरेत होता. मुलाच्या तोंडातून निघणारा धूर जवळून दाखविला असता, तर प्रेक्षकाचे लक्ष त्या धुराकडे गेले असते आणि म्हातारा बाजूला पडला असता.

आणखी एक गोष्ट चित्रीकरणाबाहेरची आहे. मुलाला प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा. त्याच्या पालकांना पटकथेतील ते पान आधी वाचायला द्यावे. ‘नको’ म्हणण्याचा अधिकार मुलाला आहे, हे त्याच्या देखत सर्वांना सांगावे. मध्यंतरात कोणी गमतीने त्याच्या हाती पेटती बिडी देऊन छायाचित्र काढणार नाही, याची जबाबदारी एका नेमलेल्या माणसावर असावी. गटातील मोठी माणसे चित्रीकरणस्थळी धूम्रपान करीत असतील, तर बाकीची सारी काळजी व्यर्थ जाते.

पडद्यापुढे बसलेला मुलगा

कॅमेऱ्यासमोरच्या मुलाचे रक्षण झाले, तरी पडद्यापुढे बसलेल्या मुलाचा प्रश्न उरतो. या प्रश्नाचे एक मोठे उदाहरण सुप्याच्या शेजारच्याच पुरंदर तालुक्याशी नाते सांगते. शिवाजीराव गायकवाड, म्हणजेच रजनीकांत, हे बंगळूरमधील मराठी कुटुंबात जन्मले. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव पुरंदरमधील मावडी कडेपठार असल्याचे सांगितले जाते. हवेत सिगारेट उडवून ओठांत झेलण्याची त्यांची लकब तमिळ चित्रपटांतून देशभर गेली आणि एका पिढीने तिची नक्कल केली. २००२ मध्ये त्यांच्या ‘बाबा’ या चित्रपटातील धूम्रपानाच्या दृश्यांना पट्टाळी मक्कल कच्ची या पक्षाने तीव्र विरोध केला. पुढील काही चित्रपटांत सिगारेट बाजूला पडली आणि तिच्या जागी च्युइंगम आला. लोकांनी तीही लकब तितक्याच आवडीने उचलली. म्हणजे टाळ्या होत्या त्या हाताच्या सफाईला. तंबाखू नसल्याने नायकाचे काहीच उणे झाले नाही.

त्याच पक्षाच्या संस्थापकांचे पुत्र अंबुमणी रामदास २००४ मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री झाले. २००५ मध्ये त्यांच्या मंत्रालयाने चित्रपटांतील धूम्रपानाच्या दृश्यांवर सरसकट बंदी घालणारे नियम काढले. दिग्दर्शक महेश भट्ट यांनी त्यांना आव्हान दिले आणि जानेवारी २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरविली. धूम्रपान हे समाजातील वास्तव आहे आणि कलाकृतीला ते दाखविण्याची मुभा असली पाहिजे, असा त्या निकालाचा रोख होता. त्यानंतर सरकारने बंदीऐवजी इशाऱ्याचा मार्ग धरला. २ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तंबाखूची दृश्ये असलेल्या चित्रपटाच्या आरंभी आणि मध्यंतरानंतर आरोग्यविषयक चित्रफीत दाखवावी लागते आणि दृश्य चालू असताना पडद्याच्या तळाशी इशारा ठेवावा लागतो. चित्रपटगृहात जाणाऱ्या प्रत्येकाला ‘मुकेश’ हे नाव पाठ झाले ते या काळात. या इशाऱ्यांना नाराज होऊन वुडी ॲलन यांनी २०१३ मध्ये ‘ब्लू जास्मिन’ भारतात प्रदर्शित होऊ दिला नाही. १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटी मंचांनाही असे नियम लागू झाले. पडद्यावरची सिगारेट खरी, वनस्पतीची की संगणकावर रचलेली, याने प्रेक्षकाच्या दृष्टीने फरक पडत नाही. त्याला ती सिगारेटच दिसते.

हा प्रभाव काल्पनिक नाही. चित्रपटांतील धूम्रपान पाहणे आणि तरुणांनी धूम्रपान सुरू करणे यांत कार्यकारण संबंध आहे, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २०१२ च्या अहवालात नोंदविला. दिल्लीतील बारा शाळांमधील सुमारे चार हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदी चित्रपटांतून तंबाखूची दृश्ये सर्वाधिक पाहिलेल्या मुलांत तंबाखू वापरण्याची शक्यता, अशी दृश्ये कमी पाहिलेल्या मुलांच्या तुलनेत दुपटीहून अधिक आढळली.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर आणखी एक बाब ध्यानात ठेवावी लागेल. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. त्यांपैकी धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर मळलेली तंबाखू, गुटखा, मिश्री अशी धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. आपल्याकडचे व्यसन धुरापेक्षा चंचीत आणि पुडीत अधिक आहे. ग्रामीण चित्रपटांत पोराने आजीची मिश्री चोरून लावणे किंवा तळहातावर तंबाखू मळणे हे हमखास विनोदाचे प्रसंग असतात. तेथे धूर नसतो; म्हणून कोणाला शंकाही येत नाही आणि मुलाच्या हाती खरी पुडी दिली जाते. चिमूटभर खरी तंबाखू ओठाखाली ठेवणे हे झुरक्याइतकेच घातक असून, कलम ७७ तिलाही तितकेच लागू आहे. बडीशेपेची भुकटी किंवा भाजलेले बाजरीचे पीठ कॅमेऱ्यापुढे तेच काम निभावून नेते.

विचारावयाचा प्रश्न

चित्रपटांतून तंबाखू पूर्णपणे हद्दपार करावी, असे या लेखाचे म्हणणे नाही. १८७५ च्या सुप्यातील ओसरीवर चिलीम नसेल, तर तो इतिहासाचा विपर्यास ठरेल. म्हातारा शेतकरी चिलीम ओढणारच. मात्र पडद्यावरचे सत्य आणि कलाकाराच्या शरीरावर होणारा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी दुसरीची किंमत मोजावी लागत नाही, हे या कलेने शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध केले आहे.

शाळेच्या स्नेहसंमेलनात, एकांकिका स्पर्धेत किंवा मित्रांच्या लघुपटात आपल्या मुलाला अशी भूमिका मिळाली, तर पालकांनी संकोच न करता एक प्रश्न विचारावा : ‘याच्या तोंडात नेमके काय जाणार आहे?’ ‘काहीही नाही’ हे उत्तर मिळाले, तरच पुढे जावे. ‘निरुपद्रवी आहे’, ‘आयुर्वेदिक आहे’, ‘एकदाच आहे’ यांपैकी काहीही ऐकू आले, तर मुलाला घेऊन घरी परतावे. दिग्दर्शक कसबी असेल, तर तो तोच प्रसंग दुसऱ्या रीतीने उभा करील. आणि त्याला ते जमत नसेल, तर तो प्रसंग त्याने अजून पुरता विचार करून लिहिलेला नाही, असे समजायला हरकत नाही.